अणुकचऱ्याची जागा ठरवतं कोण? धार रोडवरून आलेल्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: "आम्ही इंदूरला धार रोडच्या बाजूला राहतो. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा कचरा पीथमपूरला आणून जाळला, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही. आता कबीटखेडीला कोबाल्ट ठेवलाय म्हणतात, देशात अणुवीजही वाढवायची आहे. उद्या अणुकचरा पुरायला माळव्यातली जागा निवडली, तर ती निवडणार कोण? सरकार की एईआरबी? आणि काही झालं तर जाब कुणाला विचारायचा?"

एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर नजर ठेवणारी संस्था. वरवर एकच प्रश्न दिसतो, पण आत तीन आहेत. जागा हवी आणि ती अमुक ठिकाणी हवी, हे ठरवायचा अधिकार कुणाचा? ती सुरक्षित आहे की नाही, हे ठरवायचा कुणाचा? आणि सगळं पुरून झाकण लावल्यावर पुढची काही शतकं ती कुणाच्या गळ्यात? तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत, आणि ती वेगळीच राहायला हवीत. एकाच माणसाच्या तीन टोप्या झाल्या की जाब विचारायला कुणी उरत नाही.

मी इंदूरमधल्या रुग्णालयांत किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो. आमच्यात नुसतं 'आरएसओ' म्हणतात. म्हणजे कचरा जिथे जन्मतो त्या टोकाला मी उभा आहे; जिथे तो कायमचा पुरला जातो त्या टोकाला नाही. पण दोन्ही टोकांवर कायदा एकच आणि नियामकही एकच. त्यामुळे वरच्या कागदांची भाषा मला रोज वाचावी लागते.

आधी इंदूरजवळचं पीथमपूर बाजूला काढू, कारण इंदूरमध्ये 'कचरा' म्हटलं की हल्ली तेच डोळ्यांसमोर येतं. तो ३३७ टन कचरा रासायनिक होता. उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४च्या आदेशानंतर जानेवारी २०२५च्या सुरुवातीला तो कंटेनरमधून आला, आधी चाचणीचे टप्पे झाले आणि जूनअखेर उरलेला जाळून संपला. तिथे कायदा पर्यावरण संरक्षणाचा, देखरेख केंद्रीय आणि राज्य प्रदूषण मंडळांची. किरणोत्सर्गी कचरा या चौकटीत बसतच नाही. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांतून तो स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे, आणि त्याच वर्षीच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतूनही. त्यामुळे 'पीथमपूरला सोय आहे, तिथेच हाही पाठवू' असं कुणी अधिकारी मनात आलं म्हणून करू शकत नाही. लोकांना विश्वासात न घेता गोष्टी होतात, ही तुमची मूळ तक्रार मात्र खरी आहे. तिच्याकडे मी पुढे येतो.

आता कचरा कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. थायरॉइडच्या कर्करोगावर आम्ही आयोडीन-१३१ देतो. त्याचं अर्धआयुष्य ८ दिवसांचं, म्हणजे दर ८ दिवसांनी त्याची तीव्रता निम्मी होते. मोठा डोस घेतलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्या खोलीच्या संडासाचं पाणी थेट गटारात न जाता विलंब-टाकीत जातं. तिथे ते मुरवत ठेवायचं, मोजायचं, आकडा परवानगीच्या खाली आला की सोडायचं. हातमोजे, सुया, चादरी वेगळ्या पिशव्यांत. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी: कोणतं समस्थानिक (म्हणजे आयोडीन-१३१ सारखा नेमका कोणता किरणोत्सर्गी पदार्थ), कोणत्या तारखेला बंद केली, पृष्ठभागावर मीटरने किती दाखवलं, कुणाची सही. दहा अर्धआयुष्यं गेली की तीव्रता हजारात एक उरते. मग पुन्हा मीटर लावायचा, आकडा खोलीतल्या नेहमीच्या पातळीला टेकला असेल तर किरणोत्सर्गाचं चिन्ह फाडून टाकायचं आणि पिशवी साध्या रुग्णालयीन कचऱ्यात. चिन्ह फाडायचं कधीच विसरायचं नाही, नाहीतर कचरा वेचणारा पोरगा ते बघतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. पेट स्कॅनच्या फ्लोरीन-१८चं अर्धआयुष्य तर ११० मिनिटांचं, दुसऱ्या दिवशी त्याचं नावही उरत नाही. या कचऱ्याला कायमची जागा लागत नाही. कुलूप, वही आणि धीर एवढ्यावर भागतं.

कोबाल्ट-६० ही वेगळी जात. अर्धआयुष्य ५.२७ वर्षं. कबीटखेडीच्या प्रकल्पात मलजल शुद्धीकरणाचा वाळवलेला गाळ कोबाल्टच्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. अशी सोय बडोद्याला गाजरावाडीत १९९२पासून होती, म्हणजे कल्पना नवी नाही. गाळातून किरण गेले म्हणून गाळ किरणोत्सर्गी होत नाही. धोका असतो तो फक्त स्रोताच्या कांड्यांचा. त्या दमल्या की इंदूरमध्ये पुरायच्या नाहीत, पुरवठादाराकडे परत पाठवायच्या. हे आधीच बांधलेलं असतं: स्रोत विकत घेतानाच 'काम संपल्यावर परत देऊ' असं लिहून द्यावं लागतं, आणि आयात केलेला असेल तर तो मूळ देशात परत जायचा असतो.

ही परतीची वाट कशी असते ते सांगतो, कारण जबाबदाऱ्यांची वाटणी तिथे हातात धरून दाखवता येते. रुग्णालयातल्या जुन्या कोबाल्ट यंत्राचा स्रोत काढायचा, तर आधी एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीत अर्ज, मग यंत्र मोडीत काढायची परवानगी, मग वाहतुकीची वेगळी परवानगी. स्रोत शिशाच्या जाड कवचाच्या पिंपात जातो, पिंप क्रेननेच हलतं. त्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना पिवळं लेबल, त्यावर समस्थानिकाचं नाव, तीव्रता आणि एक मीटर अंतरावरच्या मोजणीतून काढलेला आकडा. ट्रकवाल्याला आपत्कालीन सूचनांचं कार्ड द्यायचं, तेही नुसतं हातात कोंबायचं नाही, वाचून समजवायचं. एकदा एका ड्रायव्हरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहब, सेंधवा में ढाबे पे रुक सकते हैं कि नहीं?" थांबता येतं. पण दोघांपैकी एकाने गाडीपाशी राहायचं आणि मालाला टेकून कुणी झोपायचं नाही. मला हा प्रश्न सगळ्या फॉर्मांपेक्षा जास्त आवडला होता, कारण नियम शेवटी त्या ढाब्यावर पाळला जातो किंवा मोडला जातो. माल पोचल्याची पावती आली की मगच तो स्रोत आमच्या नावावरून उतरतो. तोवर तो मुंबईत असो की महामार्गावर, जबाबदारी पाठवणाऱ्याची.

तिसरी जात अणुभट्ट्या आणि इंधन-प्रक्रियेतून निघणारी, आणि तुमचा प्रश्न खरा तिच्याबद्दल आहे. तिच्यातही दोन टोकं आहेत. आकारमानाने बहुतेक सगळा कचरा कमी तीव्रतेचा असतो. तीव्र कचरा जगभरचा ढोबळ हिशोब धरला तर आकारमानाच्या ३ टक्क्यांच्या आसपास, पण एकूण किरणोत्सर्गापैकी सुमारे ९५ टक्के त्याच्यात असतो. कमी तीव्रतेच्या कचऱ्यासाठी आपल्याकडे जमिनीलगतच्या विल्हेवाट-जागा आहेत. तारापूर, कल्पाक्कम, रावतभाटा, काक्रापार, कैगा अशा ठिकाणी, वीजकेंद्रांच्या आवारातच. दगडी अस्तराचे चर, काँक्रीटचे चर आणि त्याहून जपायच्या मालासाठी 'टाइल होल' नावाच्या पोलादी अस्तराच्या उभ्या विहिरी. तीव्र कचरा काचेत मिसळून पोलादी कुप्यांत ओततात आणि तारापूरला खास इमारतीत थंड होत ठेवतात. तो अजून विल्हेवाट लावलेला नाही, सांभाळून ठेवलेला आहे. खोल भूगर्भातली कायमची जागा भारतात आजमितीला नाही. आकारमान कमी आहे, इतक्यात गरज नाही, अशी अणुऊर्जा खात्याची भूमिका राहिली आहे. वापरलेल्या इंधनावर आपण पुन्हा प्रक्रिया करतो, त्यामुळे त्यात तथ्यही आहे. पण 'इतक्यात नाही' याला तारीख नसते, आणि तारीख नसलेल्या कामाचं सरकारी कचेरीत काय होतं ते इंदूरकराला सांगायला नको.

आता तीन जबाबदाऱ्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०११ मध्ये विल्हेवाटीच्या सुरक्षेचं एक मानक काढलं. त्यातल्या पहिल्या तीन अटी अनुक्रमे सरकार, नियामक आणि चालक (म्हणजे जागा बांधणारी आणि चालवणारी संस्था) यांच्याबद्दल आहेत. खडक, काँक्रीट, कुप्या हे सगळं नंतर येतं. घर बांधण्याचं उदाहरण घ्या: घर हवं हे मालक ठरवतो आणि पैसा उभा करतो, नगर निगम नकाशा पास करतं किंवा परत पाठवतं, आणि ठेकेदार बांधतो. नकाशा पास करणाऱ्याने मालकाला 'तुम्ही बंगला बांधाच' असा आग्रह धरायचा नसतो, आणि ठेकेदाराने स्वतःच पूर्णत्वाचा दाखला लिहायचा नसतो.

सरकारकडून अपेक्षा काय? आधी, आपल्याला कोणत्या प्रकारच्या किती जागा लागणार आहेत हे देशपातळीवर कबूल करणं. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण कबूल केलं की पुढचा प्रश्न 'कुठे' हा येतो. मग, जागा शोधण्यापासून ती बंद करण्यापर्यंतचे टप्पे कायद्यात लिहून ठेवणं. कोणी काय करायचं ते वाटून देणं. पैसा वेगळा काढून ठेवणं, म्हणजे आजच्या विजेचं बिल नातवंडांना भरावं लागणार नाही. आणि नियामकाला स्वतंत्र ठेवणं. हे शेवटचं काम सरकारशिवाय दुसरं कुणी करूच शकत नाही, आणि त्यात ते स्वतःच्याच हाताला लगाम घालत असतं, म्हणून चालढकलही तिथेच होते.

यापलीकडे सरकारच्या खांद्यावर आणखी एक ओझं आहे, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. जमिनीलगतच्या जागांवर कचरा भरून झाल्यावर भारतात ३०० वर्षं नजर ठेवायचा हिशोब धरतात. पहिली १०० वर्षं प्रत्यक्ष पहारा, तपासणी, विहिरींच्या पाण्याचे नमुने. पुढची २०० वर्षं खुणा, नोंदी आणि जमिनीच्या वापरावर बंदी. आकडा कुठून आला? सीझियम-१३७चं अर्धआयुष्य सुमारे ३० वर्षं, त्याची दहा पट ३००, तीव्रता हजारात एक. विज्ञान म्हणून चोख आहे. पण राज्यकारभार म्हणून बघा. २०२५ मध्ये आपण अहिल्याबाईंच्या जन्माची ३०० वर्षं साजरी केली. त्या जन्मल्या तेव्हा होळकरांचं राज्य उभं राहायचं होतं. त्यानंतर पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १९५६ मध्ये तो मध्य प्रदेशात विरघळला. या सगळ्यात किती दफ्तरं जळाली, किती सातबारे हरवले! होळकरकालीन बावडी कुठे होती ते आज वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतं. मग २३२५ मध्ये 'इथे खोदू नका' हे सांगणारी नोंद कुणाच्या कपाटात असेल? कंपनी तोवर टिकत नाही, आणि चालवणारी संस्था टिकेल असंही गृहीत धरता येत नाही. म्हणून नोंदींची, जमिनीच्या मालकीची आणि बंद झाल्यानंतरची अंतिम जबाबदारी सरकारवर येते. जाहीर सुनावणीत कधी एकच प्रश्न विचारायची संधी मिळाली तर मी हा विचारेन: बंद झाल्यावर फाइल कुणाकडे, आणि ते खातं बंद झालं तर कुणाकडे?

नियामकाचं काम जागा शोधायचं नाही. हे ठासून सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात 'सरकार की एईआरबी' असा पर्याय आहे. एईआरबी जागा निवडत नाही. जागेला कसोट्या कोणत्या, माणसाला किती डोसपर्यंत चालेल, पाण्याच्या हालचालीचा अभ्यास किती काळाचा हवा, हे त्याने आधीच सांगून ठेवायचं. मग बांधणाऱ्याने 'ही जागा त्या कसोट्यांना उतरते' हे पुराव्यानिशी मांडायचं. नियामकाने ते फोडून तपासायचं, आपली वेगळी गणितं करून बघायची, आणि जागा, बांधकाम, वापर, बंद करणं अशा प्रत्येक पायरीवर वेगळी संमती द्यायची किंवा अडवायची. संमती देऊन झाल्यावर तपासणीला जायचं. अट मोडली तर काम थांबवायचं. सामान्य माणसासाठीची मर्यादा नैसर्गिक किरणोत्सर्ग सोडून वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला डोस मोजायचं एकक) आहे, आणि तुलनेला सांगायचं तर निसर्गाकडूनच जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. तो १चा आकडा पाळला जातो की नाही हे कुणा बाहेरच्याने मोजलं पाहिजे, एवढाच मुद्दा.

कसोट्या आधी हव्यात असं म्हणतो त्याला कारण आहे. अमेरिकेत १९८२च्या कायद्याने सरकारने वीजकंपन्यांना शब्द दिला की ३१ जानेवारी १९९८पासून वापरलेलं इंधन आम्ही उचलू. बांधायचं काम ऊर्जा खात्याकडे, सुरक्षेचं मानक पर्यावरण संस्थेकडे, परवाना अणुनियामक आयोगाकडे. कागदावर वाटणी सुंदर. पण १९८७ मध्ये संसदेने मधेच कायदा बदलून नेवाडातला युक्का पर्वत हा एकच पर्याय ठेवला. मानक १०,००० वर्षांचं होतं, ते २००४ मध्ये न्यायालयाने उडवलं, मग १० लाख वर्षांचं आलं. नेवाडा शेवटपर्यंत विरोधात राहिलं आणि २०१०च्या सुमारास सरकारनेच प्रकल्पाचा गाशा गुंडाळायला घेतला. विजेच्या ग्राहकांकडून गोळा केलेले अब्जावधी डॉलर तसेच पडून राहिले.

फिनलंडने १९८३ मध्येच वेळापत्रक ठरवलं होतं: २०००च्या सुमारास जागा, २०२०च्या आसपास वापर. खर्च कचरा करणाऱ्या कंपन्यांचा, तोही आधीच निधीत भरायचा. नियामक वेगळा. आणि गावाला नकाराधिकार, ज्याच्यापुढे संसदेचंही चालत नाही. एउराजोकीच्या गावपरिषदेने जानेवारी २००० मध्ये २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, संसदेचा निर्णय २००१ मध्ये आला आणि बांधकामाचा परवाना २०१५ मध्ये. आज तिथे ४०० मीटरहून खोल खडकात जागा तयार आहे. वेळापत्रक थोडं पुढे सरकलं, पण मोडलं नाही. त्यांचा खडक चांगला आहे हे खरंच, पण मला वाटतं गावाला 'नाही' म्हणायची मुभा असल्यामुळेच 'हो' मिळालं.

आपल्याकडचा अनुभव कर्नाटकातल्या कोलारचा. तिथल्या सोन्याच्या खाणीत सुमारे १,००० मीटर खोलीवर खडक तापवून त्याचं वागणं बघायचा प्रयोग १९८०च्या दशकात झाला होता. नुसता प्रयोग, खरा कचरा नाही. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारी वकिलांच्या तोंडून कोलारचं नाव निघालं आणि तिथे लोक रस्त्यावर उतरले. मग खात्याने खुलासा केला की तसा बेत नाही. विज्ञानाची चूक यात कुठेच नव्हती. टप्पे लिहिलेले नसले, की जागेचं नाव असं कोर्टातल्या सुनावणीतून लोकांना कळतं. तुमचा पीथमपूरचा राग याच जातीचा आहे.

आता आपल्याकडच्या कायद्याची स्थिती. अणुऊर्जा हा घटनेने केंद्राचा विषय. १९६२चा अणुऊर्जा कायदा, त्याखाली किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे १९८७चे नियम आणि किरणोत्सर्ग संरक्षणाचे २००४चे नियम, या तीन कागदांखाली माझं सगळं काम झालं. परवानगीशिवाय कुणीही विल्हेवाट लावायची नाही, नोंदी ठेवायच्या, सुरक्षा अधिकारी नेमायचा, हे त्यातूनच आलं. एईआरबी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी सरकारी आदेशाने स्थापन झालं. तेव्हापासून ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिलं, आणि आयोगाचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचा सचिव. म्हणजे मालक आणि ठेकेदार एकाच घरातले, आणि नकाशा पास करणारा त्याच घराला जबाबदार. एईआरबीतली माणसं कामात कडक आहेत, हे मी त्यांच्या तपासणीसमोर घाम फुटलेला माणूस म्हणून सांगू शकतो. पण रचनेतला दोष माणसांच्या चांगुलपणाने झाकायचा नसतो.

हे माझं एकट्याचं मत नाही. २०१२च्या कॅगच्या अहवालात लिहिलं होतं की १९८३च्या आदेशाने सांगितलेलं सुरक्षा धोरण एईआरबीने तयारच केलं नाही, आणि ज्या स्रोतांना विल्हेवाटीसाठी वाहतुकीची परवानगी दिली ते खरंच तिथे पोचले का, हे पडताळायची नीट व्यवस्था नव्हती. वर पावतीबद्दल लिहिलं ते म्हणूनच. स्वतंत्र नियामकाचं विधेयक २०११ मध्ये आलं आणि लोकसभेबरोबर विरलं. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर केला. त्यात १९६२चा कायदा रद्द करून नवी चौकट आणली, एईआरबीला कायद्याने दर्जा दिला, खासगी कंपन्यांना अणुवीज केंद्राचा परवाना मिळायची वाट उघडली, आणि वापरलेल्या इंधनाचं व तीव्र कचऱ्याचं काम मात्र केंद्राकडेच राखलं. तीव्र कचरा सरकारकडे राहणं मला पटतं, कारण ३०० वर्षांचा मुद्दा. पण वीज खासगी आणि कचरा सरकारी असं झालं, तर कचऱ्याचे पैसे कंपनीकडून किती, केव्हा आणि कोणत्या खात्यात जमा होणार, हे नियमांत सापडलं पाहिजे. नियम येतील तेव्हा मी तरी ते कलम सगळ्यात आधी उघडणार आहे.

मग माळव्याचं काय? खोल भूगर्भातल्या जागेसाठी भारतातल्या अभ्यासांचा भर ग्रॅनाइटवर राहिला आहे. आपल्या खाली डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट, थरांच्या सांध्यांतून पाणी खेळणारा. तुमच्या बोअरिंगला लागतं ते तेच. तरी 'बेसॉल्ट म्हणजे कधीच नाही' असं मी म्हणणार नाही, कारण अमेरिकेच्या शेवटच्या तीन जागांत हॅनफर्डचा बेसॉल्ट होता. जमिनीलगतची जागा वीजकेंद्राच्या आवारात होते, आणि इंदूरजवळ केंद्र नाही. रावतभाटा चंबळवर आहे, पण चंबळ उगवते आपल्या महूजवळ जानापावला आणि वाहते तिकडे. म्हणजे पाण्याच्या वाटेने आपण वर आहोत.

इंदूरकराने डोळे उघडे ठेवायचेच असतील तर ते मंडला जिल्ह्यातल्या चुटक्याकडे. तिथे ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांचा प्रस्ताव आहे, नर्मदेवरच्या बरगी जलाशयाच्या काठी. आणि आपण पितो ते जलूदहून उचललेलं नर्मदेचंच पाणी. मधे शेकडो किलोमीटर आणि मोठमोठी धरणं आहेत, तेव्हा घाबरायला सांगत नाही. पण केंद्र आलं की त्याच्या आवारात कमी तीव्रतेच्या कचऱ्याची जागा येणार, हे गृहीत धरा आणि तिच्याबद्दल वेगळं विचारा. लोकांचं लक्ष भट्टीवर असतं आणि चरांचा नकाशा परिशिष्टात राहतो.

विचारायचं कुठे? २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत अणुवीज प्रकल्प आणि अणुइंधनावरची प्रक्रिया सर्वांत वरच्या गटात आहे. त्यासाठी जाहीर सुनावणी राज्य प्रदूषण मंडळ घेतं आणि मंजुरी केंद्राचं पर्यावरण मंत्रालय देतं. तुम्हाला कायद्याने मिळणारं बोलायचं मुख्य ठिकाण ते. लेखी मुद्दे द्या आणि पोच घ्या. किरणोत्सर्गाच्या कसोट्यांबद्दलचा प्रश्न तिथे विचारला तर 'ते एईआरबी बघेल' म्हणून टोलवतात, म्हणून तोच प्रश्न माहितीच्या अधिकारात एईआरबीला वेगळा पाठवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतं, त्यांच्या यादीत अणुऊर्जा कायदा नव्हता. पर्यावरण मंजुरीतली खोट तिथे मांडता येते, किरणोत्सर्गाच्या परवान्यासाठी मात्र १९६२च्या कायद्याखाली उच्च न्यायालयात जावं लागायचं. जमीन, रस्ता, आवाराबाहेरची आपत्कालीन योजना आणि गावं हलवायची वेळ आली तर ती हलवणं हे राज्य सरकार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यामुळे 'हा केंद्राचा विषय आहे' म्हणून कलेक्टर कचेरीने हात वर केले तर ऐकून घेऊ नका.

आणि एक गोष्ट, जी मला पुरण्याच्या जागेपेक्षा जवळची वाटते. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६०चा स्रोत उघडा पडला. दिल्ली विद्यापीठातलं कित्येक वर्षं बंद पडलेलं गॅमा यंत्र लिलावात भंगार म्हणून निघालं होतं. एक कामगार दगावला, बाकीचे भाजले. तिथे ना भट्टी होती ना भूगर्भातली जागा; होती ती कपाटात विसरलेली नोंद. इंदूरमध्ये जुनी रुग्णालयं आहेत, कारखाने आहेत, कॉलेजांच्या प्रयोगशाळा आहेत, आणि भंगारबाजारही आहे. तुमच्या ओळखीत कुठे जुनं यंत्र पडून असेल आणि त्यावर पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचं चिन्ह असेल, तर त्याला लिलावाच्या यादीत घालू देऊ नका. भंगारात शिशाचं जड पिंप किंवा असं चिन्ह दिसलं तर उचलायचं नाही, कापायचं नाही, माणसं लांब करायची, ११२ला फोन करायचा आणि पोलिसांना 'एईआरबीला कळवा' असं सांगायचं. एईआरबीच्या संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. चिन्हाचा लांबून फोटो जोडलात तर ओळखणं सोपं जातं.